विश्लेषण : मेंदूतला तपकिरी डाग खरा की फसवा? प्रथिनांचा ठावठिकाणा सांगणारी 'आयएचसी' कशी चालते आणि कुठे चुकते?

स्तनाच्या कर्करोगाचे निदान झालेल्या घरांत 'आयएचसी' हा शब्द अनेकांना माहीत असतो. बायोप्सीच्या अहवालात ईआर, पीआर आणि हर-टू या तीन नावांपुढे 'पॉझिटिव्ह', 'निगेटिव्ह' किंवा '३+' असे काहीतरी लिहिलेले असते आणि पुढचे उपचार बऱ्याच अंशी त्यावर ठरतात. हीच चाचणी मानवी मेंदूसाठीही वापरली जाते. अल्झायमर, पार्किन्सन, एएलएस या आजारांत मेंदूच्या कोणत्या पेशीत कोणते प्रथिन साचते, हे मुख्यतः याच पद्धतीने कळले आहे. मात्र सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारा रंग दर वेळी खरे बोलतोच असे नाही. गेल्या काही वर्षांतील चाचण्यांनी ही अडचण किती मोठी आहे हे दाखवून दिले आहे. काय आहे हे सगळे प्रकरण?

मेंदू रंगवायची गरजच का पडते?

मेंदूचा पातळ काप काचपट्टीवर ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर जवळपास काहीच दिसत नाही. पेशी पारदर्शक असतात आणि एकमेकींत गुंतलेल्या असतात. मानवी मेंदूत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी आहेत आणि त्यांना आधार देणाऱ्या इतर पेशी वेगळ्याच. या गर्दीतून हवे तेवढेच वेगळे दिसावे यासाठी रंग लागतो.

इटलीच्या कॅमिलो गोल्जी यांनी १८७३ मध्ये चांदीच्या क्षारांनी काही मोजक्याच चेतापेशी काळ्या करण्याची पद्धत शोधली. स्पेनच्या सांतियागो रामोन इ काहाल यांनी ती सुधारून चेतापेशी ही स्वतंत्र पेशी असल्याचे दाखवले. १९०६ चे नोबेल दोघांना विभागून मिळाले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये जर्मनीतील ट्युबिंगेन येथे डॉ. अलॉइस अल्झायमर यांनी ऑगस्टे डेटर या महिलेच्या मेंदूतील निरीक्षणे मांडली. १९०१ पासून त्यांनी तिच्या विस्मरणाच्या नोंदी ठेवल्या होत्या. तिच्या मृत्यूनंतर चांदीच्या रंगाने मेंदूचे काप रंगवल्यावर त्यांना पेशींबाहेर साचलेले ठिपके आणि पेशींच्या आत गुंतलेले धागे दिसले.

पण चांदीचा रंग फक्त आकार दाखवतो. ते ठिपके कशाचे आणि धागे कशाचे, हे तो सांगत नाही. ठिपके बीटा-अमायलॉइडचे आणि धागे टाऊ या प्रथिनाचे, हे कळायला १९८० चे दशक उजाडावे लागले. विशिष्ट प्रथिनाला हुडकून रंगवणारे साधन मध्यंतरी तयार झाले होते. ते साधन म्हणजे अँटीबॉडी, अर्थात प्रतिपिंड.

अँटीबॉडी रंग कशी लावते?

शरीरात जंतू शिरला की प्रतिकारशक्ती त्याला चिकटणाऱ्या अँटीबॉडीज तयार करते. प्रत्येक अँटीबॉडी ठरावीक आकाराच्या तुकड्याला धरते. हार्वर्डच्या आल्बर्ट कून्स यांनी १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला अँटीबॉडीला चमकणारे रसायन जोडले आणि ती जिथे चिकटेल ती जागा उजळवून दाखवली. पुढे १९६० च्या दशकात चमकत्या रसायनाऐवजी एन्झाइम जोडण्याची पद्धत आली. त्यामुळे साध्या सूक्ष्मदर्शकाखालीही रंग दिसू लागला. यालाच इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री, थोडक्यात आयएचसी म्हणतात.

नेहमीच्या प्रयोगात दोन अँटीबॉडीज असतात. पहिली हव्या त्या प्रथिनाला धरते. ती सशात किंवा उंदरात तयार केलेली असते. दुसरी अँटीबॉडी पहिलीला धरते आणि तिच्यासोबत पेरॉक्सिडेज हे एन्झाइम असते. हे एन्झाइम हॉर्सरॅडिश या मोहरी-मुळ्याच्या कुळातील कंदापासून मिळते. वरून डीएबी हे रसायन आणि हायड्रोजन पेरॉक्साइड टाकले की एन्झाइमच्या जागी तपकिरी साका बसतो. शेवटी पेशींची केंद्रके निळ्या रंगाने रंगवतात. निळ्या पार्श्वभूमीवर तपकिरी डाग दिसला, तर तिथे ते प्रथिन आहे असे मानले जाते.

या वाक्यातला 'मानले जाते' हा भाग महत्त्वाचा आहे. डोळ्यांना प्रथिन दिसतच नाही. दिसतो तो अँटीबॉडीला चिकटलेल्या अँटीबॉडीवरच्या एन्झाइमने तयार केलेला रंग. या साखळीतली एक कडी चुकली तरी डाग पडतो, किंवा पडायला हवा तिथे पडत नाही.

काचपट्टीवर येईपर्यंत मेंदूचे काय होते?

मृत्यूनंतर काढलेला मेंदू फॉर्मालिनमध्ये ठेवतात. अख्खा मेंदू नीट मुरायला काही आठवडे लागतात. नंतर हवे ते भाग कापून मेणात बसवतात आणि यंत्राने साधारण ४ ते ५ मायक्रॉन जाडीचे काप काढतात. ही जाडी केसाच्या जाडीच्या पंधराव्या-विसाव्या भागाइतकी असते.

फॉर्मालिन ऊती टिकवते, पण प्रथिनांना एकमेकांशी बांधूनही टाकते. अँटीबॉडीला जी जागा धरायची, तीच झाकली जाते. यावर १९९१ मध्ये सोपा तोडगा निघाला : काप गरम द्रावणात उकळायचे. अनेक प्रयोगशाळांत यासाठी चक्क प्रेशर कुकर किंवा मायक्रोवेव्ह वापरतात. बीटा-अमायलॉइडसाठी उकळणे पुरेसे नसते, तर काप काही मिनिटे फॉर्मिक आम्लात ठेवावे लागतात. ही पायरी चुकली, तर अमायलॉइडने भरलेला मेंदूही जवळपास स्वच्छ दिसू शकतो.

जनुकांची मोजणी होते, मग रंगाची गरज काय?

आज एकेका पेशीतील आरएनए मोजता येतो. कोणते जनुक चालू आहे आणि कोणते बंद, हे हजारो जनुकांसाठी एकाच वेळी कळते. तरीही प्रथिन कुठे आहे हे त्यावरून सांगता येत नाही आणि मेंदूत तर ही अडचण जास्तच आहे. चेतापेशीचा तंतू कित्येक सेंटिमीटर, काही वेळा त्याहून लांब असतो. आरएनए बहुतांशी पेशीच्या मुख्य भागात राहतो, पण त्यापासून बनलेले प्रथिन प्रवास करून दूरच्या टोकाला, दुसऱ्या पेशीशी जिथे जोड होतो तिथे पोहोचते. कारखाना एका गावात आणि माल दुसऱ्या गावात, असा हा प्रकार आहे.

जागेला किती महत्त्व आहे, हे टीडीपी-४३ या प्रथिनाने दाखवले. एएलएस आणि फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शियाच्या रुग्णांच्या चेतापेशींत काहीतरी गोळा होते, हे १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून माहीत होते. युबिक्विटिन या प्रथिनाच्या अँटीबॉडीने ते गोळे रंगत. पण युबिक्विटिन म्हणजे पेशीने टाकाऊ मालावर लावलेली चिठ्ठी. आतला माल कोणता, ते कळत नव्हते. २००६ मध्ये पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठातील व्हर्जिनिया ली आणि जॉन ट्रोजानोव्स्की यांच्या प्रयोगशाळेने त्यातले मुख्य प्रथिन टीडीपी-४३ असल्याचे जाहीर केले. निरोगी पेशीत हे प्रथिन केंद्रकात असते. आजारी पेशीत ते केंद्रक सोडून बाहेर गुठळ्या करते. म्हणजे केवळ प्रमाण मोजून भागले नसते. प्रथिन तेच होते, जागा बदलली होती आणि ती जागा रंगामुळे दिसली.

या रंगावर काय काय अवलंबून आहे?

पार्किन्सनच्या रुग्णांच्या मेंदूतील लुई बॉडीज या गोळ्यांत अल्फा-सिन्यूक्लिन असते, हे १९९७ मध्ये अँटीबॉडीने रंगवूनच कळले. मृत्यूनंतर अल्झायमरचे टप्पे ठरवताना आज प्रयोगशाळा प्रामुख्याने टाऊची अँटीबॉडी वापरतात. जर्मनीच्या हायको आणि इव्हा ब्राक यांनी १९९१ मध्ये चांदीच्या रंगावरून या टप्प्यांची मांडणी केली होती. २००६ मध्ये ती अँटीबॉडीच्या रंगासाठी जुळवून घेण्यात आली.

जिवंत रुग्णांच्या तपासण्यांची मुळेही इथेच आहेत. मेंदूतील अमायलॉइड दाखवणाऱ्या पीईटी स्कॅनसाठी फ्लोरबेटापिर या रसायनाला अमेरिकेत २०१२ मध्ये मान्यता मिळाली. त्याआधी आयुष्याच्या अखेरच्या टप्प्यातील व्यक्तींचे स्कॅन घेतले गेले आणि त्यांच्या मृत्यूनंतर मेंदूच्या रंगवलेल्या कापांशी ते ताडून पाहिले गेले. स्कॅन खरा की खोटा, हे काचपट्टीने ठरवले.

औषधांच्या बाबतीत एक उदाहरण फार बोलके आहे. एएन-१७९२ ही अमायलॉइडविरोधी लस. काही सहभागींच्या मेंदूला सूज आल्याने तिची चाचणी २००२ मध्ये थांबवण्यात आली. ब्रिटनमधील साउदॅम्प्टनच्या संशोधकांनी लस घेतलेल्या रुग्णांचा पुढे मागोवा घेतला आणि त्यांचा अहवाल २००८ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. ज्यांचे मृत्यूनंतर विच्छेदन झाले, अशा लस घेतलेल्या ८ जणांपैकी ७ जणांना मृत्यूपूर्वी तीव्र स्मृतिभ्रंश होता. काहींच्या मेंदूतील अमायलॉइडचे ठिपके जवळपास पूर्ण नाहीसे झाले होते, तरीही आजार थांबला नव्हता. ठिपके काढले की रुग्ण बरा होईल, या समजुतीला यामुळे मोठा धक्का बसला. लेकॅनेमॅबसारखी आजची औषधे आजार अगदी सुरुवातीच्या टप्प्यात असलेल्यांनाच दिली जातात आणि तिथेही त्यांचा परिणाम मर्यादित आहे. हा प्रश्न उभा करण्यात या ८ मेंदूंचा मोठा वाटा आहे.

मग रंग फसवतो तो कसा?

सर्वांत मोठा दोष अँटीबॉडीचा. एका प्रथिनासाठी विकली जाणारी अँटीबॉडी दुसऱ्याच प्रथिनाला चिकटू शकते. तिला प्रथिनाचे नाव कळत नाही, फक्त आकार कळतो. मिळताजुळता आकार दुसरीकडे सापडला की ती तिथेही बसते आणि तपकिरी डाग तितकाच सुबक दिसतो.

कॅनडातील माँट्रियल न्यूरॉलॉजिकल इन्स्टिट्यूटच्या संशोधकांनी २०१९ मध्ये सी-९-ओआरएफ-७२ या जनुकाच्या प्रथिनावरील बाजारातल्या अँटीबॉडीज तपासल्या. एएलएसच्या आनुवंशिक कारणांत हे जनुक प्रमुख आहे. त्यांनी ज्या पेशींत हे प्रथिन बनते त्या घेतल्या आणि त्याच पेशींची दुसरी तुकडी क्रिस्पर तंत्राने जनुक काढून तयार केली. दुसऱ्या तुकडीत प्रथिनच नसल्याने तिथे काहीच रंगायला नको. पण काही अँटीबॉडीज त्यातही सापडले म्हणून सांगत होत्या. वारंवार उद्धृत होणाऱ्या काही शोधनिबंधांत वापरलेल्या अँटीबॉडीज हे प्रथिन मुळीच ओळखत नसल्याचे दिसले. म्हणजे त्या निबंधांतील निष्कर्षच संशयाच्या फेऱ्यात आले.

हेच काम पुढे 'वायकॅरॉस' या उपक्रमातून मोठ्या प्रमाणावर झाले. मेंदूविज्ञानाशी संबंधित ६५ प्रथिनांसाठी विकल्या जाणाऱ्या ६१४ अँटीबॉडीज याच पद्धतीने तपासल्या गेल्या. निम्म्याहून अधिक अँटीबॉडीज किमान एका वापरात नापास झाल्या. त्यांतल्या कित्येक शोधनिबंधांत सर्रास वापरल्या गेल्या होत्या. या निकालानंतर उत्पादक कंपन्यांनी तपासलेल्यांपैकी सुमारे २० टक्के अँटीबॉडीज बाजारातून काढल्या आणि सुमारे ४० टक्क्यांच्या वापराच्या शिफारशी बदलल्या. चांगली बाजूही होती. बहुतेक प्रथिनांसाठी किमान एक भरवशाची अँटीबॉडी बाजारात उपलब्ध होती. ती कोणती, हे ओळखण्याची सोय नव्हती.

हे नुकसान पैशांतही मोजले गेले आहे. खराब अँटीबॉडीजवर जगभरात दरवर्षी ८० कोटी डॉलर वाया जातात, असा अंदाज २०१५ मध्ये 'नेचर'मध्ये मांडण्यात आला होता.

मानवी मेंदूत अडचण जास्त का?

पहिले कारण सरळ आहे. अँटीबॉडी तपासण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग म्हणजे प्रथिन नसलेली ऊती शेजारी ठेवून पाहणे. उंदराच्या मेंदूतून जनुक काढता येते, माणसाच्या नाही. म्हणून पर्यायी पुरावे गोळा करावे लागतात. पेशींवर आणि उंदरांवर पास झालेली अँटीबॉडी महिनोन् महिने फॉर्मालिनमध्ये राहिलेल्या मानवी मेंदूवर तशीच वागेल, याचीही खात्री देता येत नाही.

दुसरे कारण मेंदूचा स्वतःचा रंग. पार्किन्सनमध्ये मरणाऱ्या चेतापेशी मध्यमेंदूच्या 'सब्स्टान्शिया नायग्रा' या भागात असतात. 'नायग्रा' म्हणजे काळा. या पेशींत न्यूरोमेलॅनिन हे गडद तपकिरी रंगद्रव्य नैसर्गिकरीत्याच असते. डीएबीचा साकाही तपकिरी. त्यामुळे कोणता तपकिरी रंग जन्माचा आणि कोणता प्रयोगशाळेचा, हे ओळखणे कठीण जाते. जाणकार प्रयोगशाळा इथे लाल रंग देणारे रसायन वापरतात. चमकत्या रंगांची पद्धत वापरली तर दुसरी अडचण येते. वयानुसार चेतापेशींत लिपोफुसिन हा पिवळसर साठा वाढतो आणि तो स्वतःच चमकतो. ज्येष्ठांच्या मेंदूत अशी खोटी चमक जास्त आणि अभ्यास बहुतांशी ज्येष्ठांच्याच मेंदूचा.

तिसरे कारण वेळ. मृत्यूनंतर मेंदू काढेपर्यंत काही तास जातात आणि त्या काळात प्रथिने बदलतात. टाऊवर फॉस्फेटचे गट चिकटणे हे अल्झायमरचे खास लक्षण समजले जाई, कारण निरोगी व्यक्तींच्या शवविच्छेदनात ते सापडत नव्हते. १९९४ मध्ये व्हर्जिनिया ली यांच्याच गटाने जिवंत व्यक्तींच्या शस्त्रक्रियेत काढलेले मेंदूचे ताजे तुकडे तपासले. निरोगी मेंदूतील टाऊवरही त्यांतल्या अनेक जागी फॉस्फेट होते. मृत्यूनंतरच्या काही तासांत ते गळून पडत होते आणि अभ्यासकांच्या हाती नेहमी त्यानंतरचाच मेंदू येत होता.

चौथी गोष्ट गडदपणाची. डाग जितका गडद तितके प्रथिन जास्त, असे सरसकट म्हणता येत नाही. डीएबीचा रंग एन्झाइम किती वेळ चालले, काप किती जाड होता, उकळण्याची पायरी कशी झाली, यांवरही अवलंबून असतो. वेगवेगळ्या दिवशी रंगवलेल्या दोन काचपट्ट्यांची गडदपणावरून तुलना करणे म्हणजे दोन वेगवेगळ्या न तपासलेल्या काट्यांवर वजन करून फरक काढण्यासारखे आहे.

यात मुंबईचा संबंध काय?

शरीरातील जवळपास सर्व प्रथिनांचा नकाशा करण्याचा सर्वांत मोठा प्रयत्न म्हणजे स्वीडनचा 'ह्यूमन प्रोटीन अ‍ॅटलस'. मथियास उलेन यांच्या नेतृत्वाखाली तो २००३ मध्ये सुरू झाला. २०१५ मध्ये 'सायन्स'मध्ये प्रसिद्ध झालेल्या आढाव्यात २४,०२८ अँटीबॉडीज वापरून १६,९७५ जनुकांच्या प्रथिनांचा शोध घेतल्याची नोंद आहे. मेंदूतील बाह्यक, हिप्पोकॅम्पस, कॉडेट आणि लहान मेंदू या चार भागांचे छोटे गोल तुकडे यात इतर ऊतींसोबत रंगवले जातात.

लाखो छायाचित्रे काढणे एकवेळ सोपे. ती वाचणार कोण? कोणत्या पेशी रंगल्या, रंग फिका की गडद, किती टक्के पेशींत, हे प्रत्येक चित्रासाठी प्रशिक्षित डोळ्यांनी ठरवावे लागते. या कामाचा मोठा भार मुंबईतील पॅथॉलॉजिस्टच्या गटाने उचलला. लॅब सर्जपाथचे डॉ. संजय नवानी हे २०१५ च्या त्या शोधनिबंधाचे सहलेखकही आहेत. स्वीडनमध्ये रंगवलेल्या काचपट्ट्यांची चित्रे संगणकावर उघडून मुंबईत वाचली गेली. हा अ‍ॅटलस इंटरनेटवर सर्वांना मोफत पाहता येतो.

अ‍ॅटलसची आणखी एक सवय घेण्यासारखी आहे. प्रत्येक प्रथिनाच्या निकालापुढे तो किती भरवशाचा हे लिहिलेले असते. त्याच्या चार पायऱ्या आहेत आणि सर्वांत खालची सरळ 'अनिश्चित' अशी आहे. चित्र कितीही सुंदर असले तरी पुरावा कमी असेल तर तसे लिहिले जाते.

अँटीबॉडी खरी की खोटी, हे कसे तपासतात?

उलेन यांच्यासह अनेक तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने २०१६ मध्ये पाच मार्ग सुचवले. पहिला, जनुक काढलेल्या किंवा दाबलेल्या पेशींत रंग जातो का ते पाहणे. दुसरा, अँटीबॉडी न लागणाऱ्या पद्धतीशी, उदाहरणार्थ आरएनए मोजणीशी, निकाल जुळतो का ते पाहणे. तिसरा, त्याच प्रथिनाच्या वेगळ्या भागाला धरणारी दुसरी अँटीबॉडी वापरून तोच नकाशा मिळतो का हे पडताळणे. चौथा, प्रथिनाला मुद्दाम खूण जोडून अँटीबॉडीचा रंग त्या खुणेवरच पडतो का ते बघणे. पाचवा, अँटीबॉडीने धरलेला माल बाहेर काढून मास स्पेक्ट्रोमीटरने ओळखणे. यांपैकी किमान एक, शक्य तर अधिक मार्गांनी आणि ज्या वापरासाठी अँटीबॉडी घेतली त्याच वापरात तपासणी व्हावी, असा त्यांचा आग्रह होता.

मानवी मेंदूच्या कापांसाठी दुसरा आणि तिसरा मार्ग सर्वाधिक उपयोगी पडतो. मेंदूच्या एका भागात आरएनए भरपूर आणि दुसऱ्यात नगण्य असेल, तर रंगातही तसा फरक दिसायला हवा. दोन वेगळ्या अँटीबॉडीज एकाच पेशींकडे बोट दाखवत असतील, तर दोघींची एकच चूक होण्याची शक्यता कमी. मात्र प्रथिन तंतूच्या टोकाला जात असेल, तर आरएनए आणि रंग जुळणार नाहीत आणि तरीही दोन्ही बरोबर असतील. म्हणून मेंदूत केवळ एका तपासणीवर भिस्त ठेवता येत नाही.

अँटीबॉडी बनवण्याची पद्धतही फरक पाडते. सशाच्या रक्तातून मिळणाऱ्या मिश्र अँटीबॉडीज त्या सशासोबत संपतात, पुढच्या सशाच्या वेगळ्या निघतात. सेझर मिलस्टाइन आणि जॉर्ज कोलर यांनी १९७५ मध्ये एकाच प्रकारची अँटीबॉडी सतत देणाऱ्या पेशी तयार केल्या आणि १९८४ मध्ये त्यासाठी त्यांना नोबेल मिळाले. आता अँटीबॉडीचा जनुकीय क्रम जपून ती हवी तेव्हा जशीच्या तशी बनवता येते. वायकॅरॉसच्या चाचण्यांत या 'रिकॉम्बिनंट' अँटीबॉडीज सरासरीने सर्वांत सरस ठरल्या.

मेंदू येतात कुठून?

अँटीबॉडी कितीही चांगली असली तरी रंगवायला मेंदू हवा. त्यातही आजारी मेंदूंइतकीच गरज निरोगी मेंदूंची असते. तुलनाच नसेल तर आजारामुळे काय बदलले ते सांगता येत नाही. उंदरांवर सर्व काही भागत नाही. २०२० मध्ये प्रोटीन अ‍ॅटलसच्या गटाने माणूस, डुक्कर आणि उंदीर यांच्या मेंदूंची तुलना केली, तेव्हा ढोबळ रचना सारखी असली तरी काही जनुकांत स्पष्ट फरक दिसले.

भारतात बंगळूरुच्या निम्हान्स या संस्थेत १९९५ पासून मेंदू पेढी आहे. शवविच्छेदनानंतर नातेवाइकांच्या संमतीने मिळालेले मेंदू तिथे जतन केले जातात आणि संशोधकांना पुरवले जातात. महाराष्ट्रात नेत्रदान आणि देहदानाची चळवळ रुजलेली आहे. मेंदूदानाची गणिते त्यातल्या नेत्रदानाच्या जवळची आहेत. निर्णय तासांत घ्यावा लागतो, कारण वर पाहिल्याप्रमाणे प्रथिने थांबत नाहीत. मेंदू काढल्यानंतर पार्थिव अंत्यसंस्कारासाठी कुटुंबाकडे परत देता येते. आधी बोलणे झालेले असेल, तरच त्या दिवशी हे जमते.

सामान्य वाचकाने यातून काय घ्यायचे?

रुग्णालयातील निदानाच्या आयएचसीबद्दल लगेच धास्ती घेण्याचे कारण नाही. ईआर, पीआर, हर-टू यांसारख्या चाचण्यांच्या अँटीबॉडीज वर्षानुवर्षे पारखलेल्या असतात. त्यांच्यासोबत दर वेळी नियंत्रण म्हणून माहीत असलेली ऊती रंगवण्याची शिस्त असते. हर-टूचा निकाल '२+' असा अधांतरी आला, तर थेट जनुक पाहणारी दुसरी चाचणी सांगितली जाते. दुसरा पुरावा मागण्याची ही सवय निदानात रुजली आहे, संशोधनात मात्र ती अजून सगळीकडे पोहोचलेली नाही.

म्हणून 'अमुक प्रथिन मेंदूत सापडले' अशी बातमी वाचताना तीन प्रश्न विचारायला हरकत नाही. अँटीबॉडी स्वतंत्रपणे तपासली होती का? दुसऱ्या पद्धतीने तेच दिसले का? आणि मेंदू किती होते, कोणाचे होते? एखाद्या औषधाची दिशा, त्यावर खर्च होणारी वर्षे आणि चाचणीत सहभागी होणारे रुग्ण हे सगळे अनेकदा अशाच एका तपकिरी डागापासून सुरू होते. तो डाग ज्या मेंदूतून आला, तो कुणाच्या तरी आईचा किंवा वडिलांचा असतो. त्यांच्या घरच्यांनी दिलेल्या त्या तुकड्यावर किमान तपासलेली अँटीबॉडी तरी लागावी, एवढीच या साऱ्या खटाटोपामागची अपेक्षा आहे.